चलन, खटला आणि शिक्षा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

पत्राचा सारांश: पत्रलेखिका चाळिशीतल्या शिक्षिका आहेत. त्यांच्या नावावरच्या स्कूटरवर तीन ई-चलने थकली असून ती न्यायालयाकडे पाठवली आहेत, असा संदेश त्यांना अलीकडे मोबाइलवर आला. पहिले चलन हेल्मेट नसल्याचे आहे आणि ते खरे असल्याचे त्या मान्य करतात. दुसरे सिग्नल मोडल्याचे आहे. त्या दिवशी स्कूटर परवानाधारक भाच्याकडे होती. तिसरे एका अशा शहरातले आहे, जिथे ही स्कूटर कधी गेलेलीच नाही. दीर म्हणतात, लोकअदालतीची वाट पाहा, अर्धे पैसे माफ होतात. एक एजंट तिन्ही चलने रोख रकमेत ‘मिटवून देतो’ म्हणतो. त्यांना लवकरच पासपोर्टसाठी अर्ज करायचा आहे. त्या विचारतात, ‘पैसे भरले तर मी गुन्हेगार ठरेन का? नाही भरले तर वॉरंट निघेल का? आणि कोर्टात उभे राहावे लागले, तर मी तिथे नेमके काय बोलू?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला त्यात तीन चलने दिसली आणि दुसऱ्या वाचनात एकच भीती दिसली. ‘कोर्ट’ हा शब्द संदेशात आला आणि त्या क्षणापासून तुम्ही तिन्ही चलनांचे एकच गाठोडे बांधले. आता प्रश्न उरला तो फक्त ते गाठोडे फेकून द्यायचे की पैसे देऊन सोडवून घ्यायचे एवढाच. माझी पहिली विनंती अशी, की हे गाठोडे सोडा. खरे चलन, दुसऱ्याच्या हातून घडलेल्या चुकीचे चलन आणि चुकीचे चलन यांना एकच उत्तर असू शकत नाही.

त्याआधी संदेशाविषयी. वाहतूक चलनाच्या नावाखाली लिंक किंवा एखादी फाइल पाठवून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार सर्रास चालतात. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतील, तर ते चलन नसून फोनचा ताबा घेणारे ॲप आहे, हे पक्के समजा. संदेश खरा असो वा खोटा, त्यातल्या लिंकला हात न लावता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः पत्ता टाइप करून जा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे याची खात्री करा आणि तिथे वाहन क्रमांकासोबत चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे द्या. हे आकडे तुमच्या आरसी बुकवर छापलेले आहेत. प्रत्येक चलनाचा क्रमांक, दिनांक, ठिकाण, लावलेले कलम आणि बहुतेक वेळा छायाचित्र तिथे दिसते. ही माहिती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नका.

आता तुमच्या मूळ गृहीतकाकडे येते. पैसे भरणे म्हणजे गुन्हेगार ठरणे, असे तुम्ही धरून चालला आहात. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 200 असे सांगते, की काही गुन्ह्यांमध्ये राज्य सरकारने अधिसूचनेद्वारे ठरवलेली रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात. चलनावर छापलेली रक्कम ती हीच. महाराष्ट्रात तिचे सुधारित दर डिसेंबर 2021 मध्ये लागू झाले. तडजोड शुल्क भरले, की त्या गुन्ह्याबाबत पुढची कारवाई होत नाही. न्यायाधीशांनी पुरावा पाहून दिलेली शिक्षा आणि हे शुल्क यांत म्हणूनच फार अंतर आहे. चलन हा आरोप आहे. न्यायालयाने त्याची दखल घेतली, की त्याचा खटला होतो. गुन्हा कबूल झाला किंवा सिद्ध झाला, तरच शिक्षा येते, मग ती शंभर रुपयांच्या दंडाची का असेना.

पासपोर्टबाबत तर तुमची भीती चक्क उलट्या दिशेने तोंड करून बसली आहे. पासपोर्टच्या अर्जात न्यायालयात प्रलंबित असलेल्या फौजदारी प्रकरणाविषयी विचारलेले असते, आणि पासपोर्ट अधिनियम, 1967 मध्येही फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेली कार्यवाही हा पासपोर्ट नाकारण्याचा एक आधार म्हणून नमूद आहे. हेल्मेटच्या दंडासाठी कोणी तुमचा पासपोर्ट अडवेल असे मला वाटत नाही. तरीही अर्जातल्या त्या रकान्यासमोर तुम्हाला खरे उत्तर लिहायचे आहे, आणि ते लिहिताना अडचण होते ती मिटलेल्या चलनाची नव्हे, तर लोंबकळत ठेवलेल्या प्रकरणाची. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तुमच्या नावावर न्यायालयात खरोखर काही दाखल आहे का, हे शोधून काढणे ओघानेच आले.

हा शोध कसा घ्यायचा, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सर्वाधिक गोंधळ इथेच दिसतो. ‘न्यायालयाकडे पाठवले’ या दोन शब्दांचे तीन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे, लोकअदालतीसाठीच्या दाखलपूर्व यादीत तुमचे नाव टाकले आहे आणि खटला अजून झालेलाच नाही. दुसरा, प्रकरण आभासी न्यायालयात, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टात आहे. तिसरा, नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर खटला दाखल झाला असून तुमच्या नावे समन्स निघणार आहे किंवा निघाले आहे. तुमच्या तीन चलनांपैकी प्रत्येक या तीन ठिकाणांपैकी वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते.

आभासी न्यायालयात शोधणे सर्वांत सोपे आहे. वाहतुकीच्या प्रकरणांसाठी असे न्यायालय दिल्लीत 2019 मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्रात 31 ऑक्टोबर 2020 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल येथे. त्याच्या संकेतस्थळावर राज्य आणि विभाग निवडून वाहन क्रमांक, चलन क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक टाकला, की प्रकरण असल्यास समोर येते. तिथे प्रस्तावित दंड भरण्याचा आणि प्रकरण लढवण्याचा, असे दोन पर्याय असतात. लढवायचे म्हटले, की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. इथे एक खोच आहे. यासाठी लागणारा ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवर येतो आणि पुष्कळ वाहनांच्या नोंदणीत विक्रेत्याने घाईघाईत स्वतःच्याच दुकानाचा क्रमांक टाकलेला असतो. जुनी चलने तुम्हाला इतक्या उशिरा कळली, त्याचे कारण बहुधा यातच सापडेल. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक बदलून घेणे हे या आठवड्यातले पहिले काम समजा.

नेहमीच्या न्यायालयातली प्रकरणे ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर सापडतात. तिथे वाहन क्रमांकावरून शोधण्याची सोय नाही. पक्षकाराचे नाव आणि वर्ष द्यावे लागते. जिल्हा निवडताना तुम्ही राहता तो निवडू नका. चलन ज्या जिल्ह्यात झाले तो निवडा. ही साधी चूक करून ‘माझ्या नावावर काहीच नाही’ म्हणत निर्धास्त झालेली माणसे मला माहीत आहेत. नावाची अक्षरेही निरनिराळ्या प्रकारे टाकून पाहा: आडनाव आधी, आडनाव शेवटी, लग्नापूर्वीचे नाव, इंग्रजी स्पेलिंगमधला एखादा जादा ‘ए’. आरसी बुकवर नाव जसे छापले आहे, तसे आरोपपत्रात येण्याची शक्यता सर्वांत जास्त. प्रलंबित आणि निकाली अशा दोन्ही यादींत शोधा. आणि आपले नाव दिसताच घाबरू नका. आपल्याकडे एकाच नावाची माणसे गल्लोगल्ली असतात. मी एकदा माझेच नाव शोधून पाहिले, तर भाडेकरूने घर सोडावे म्हणून मी अकरा वर्षे भांडत असल्याचे आढळले. माझ्याकडे घर एकच आहे आणि त्यात मीच राहते.

तुमचे प्रकरण सापडले, तर ते बहुधा ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ तुम्ही, अशा शीर्षकाखाली आणि समरी क्रिमिनल केस, म्हणजे ‘एस. सी. सी.’ या प्रकारात असेल. त्याला एक सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यातली पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यापुढे वकील, लिपिक किंवा विधी सेवा कार्यालय, सगळे तुम्हाला तोच विचारतील. त्या पानावर दाखल दिनांक, पुढची तारीख, लावलेली कलमे आणि आतापर्यंतचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्याची नोंद, दिसते.

यातल्या दाखल दिनांकाकडे मात्र बारकाईने पाहा. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यावी यासाठी सहा महिन्यांची मुदत असते, आणि एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यासाठी एक वर्षाची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 468 होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 514 आहे. मुदत मोजताना न्यायालयाने दखल कधी घेतली हे न पाहता तक्रार कधी दाखल झाली ते पाहायचे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये दिला आहे. चलनाचा दिनांक आणि प्रकरणाचा दाखल दिनांक शेजारी शेजारी लिहा. मधले अंतर या मुदतीपेक्षा जास्त भरत असेल, तर तो तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. पण सहा महिने उलटले म्हणून चलन संकेतस्थळावरून आपोआप पुसले जात नाही. हा मुद्दा न्यायाधीशांसमोर मांडावा लागतो आणि पुरेसे कारण दिसल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार त्यांना आहे. समाजमाध्यमांवर ‘जुने चलन भरूच नका’ म्हणून फिरणारे सल्ले हे दुसरे वाक्य गाळून पुढे पाठवलेले असतात.

आता चलनांकडे एकेक करून वळू. हेल्मेटचे चलन खरे आहे, असे तुम्हीच लिहिता. ते भरून टाका. कायद्याच्या कलम 194ड मध्ये हेल्मेट नसल्याबद्दल 1,000 रुपये दंडाबरोबरच तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे, त्यामुळे खटल्यापर्यंत वाट पाहण्यात काही शहाणपणा नाही. प्रकरण आधीच खटल्यात गेले असेल, तर समन्स नीट वाचा. कलम 208 नुसार अनेक लहान गुन्ह्यांच्या समन्सवर अशी सोय दिलेली असते, की ठरलेल्या तारखेपूर्वी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून त्यावर लिहिलेली रक्कम पाठवावी आणि न्यायालयात येऊ नये. या मार्गाने कबुली दिली, तर त्या कबुलीच्या आधारे परवाना अपात्र ठरवता येत नाही, असेही तेच कलम म्हणते. समन्सचा दुसरा परिच्छेद न वाचता वकिलाकडे धावणारे पुष्कळ लोक ही सोय गमावतात.

भाच्याच्या चलनात कायद्यापेक्षा नात्याचा भाग मोठा आहे. कॅमेऱ्याला क्रमांकाची पाटी दिसते, चालवणारा कोण ते दिसत नाही. म्हणून नोटीस मालकाला येते. पोलिसांनी विचारल्यास त्या वेळी वाहन कोण चालवत होते, त्याचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती देणे हे कलम 133 नुसार मालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे ‘मी नव्हते’ एवढे सांगून तुम्ही मोकळ्या होत नाही. ‘मग कोण’ हेही सांगावे लागते. भाच्याचे नाव देणे तुम्हाला चुगली वाटते, असे पत्राच्या सुरावरून जाणवले. मला ते तसे वाटत नाही. त्याला बोलावून छायाचित्र दाखवा आणि पैसे त्याच्याकडून घेऊन चलन भरा. सज्ञान मुलगा आहे, त्याचा मान राखण्याची हीही एक पद्धत आहे. त्याच्याकडे परवाना होता म्हणून ही गोष्ट एवढ्यावर निभावते आहे. ज्या घरांत अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती ‘इथल्या इथे’ म्हणून किल्ली दिली जाते, त्यांनी कलम 199अ वाचून ठेवावे. त्यात पालकाला किंवा वाहनमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

खरा प्रश्न तिसऱ्या चलनाचा आहे आणि इथे माझे मत तुमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा वेगळे आहे. दीर म्हणतात, पाचशे-हजारासाठी कशाला डोकेफोड, तिन्ही एकदम मिटवा. हिशेब म्हणून ते बरोबर बोलतात. शाळेची दोन दिवसांची रजा, परगावी जाण्यायेण्याचा खर्च आणि डोक्याला ताप यांची बेरीज चलनाच्या रकमेहून मोठी होईल. पण 2019 च्या दुरुस्तीने कलम 200 मध्ये एक परंतुक, म्हणजे मूळ तरतुदीला जोडलेली अट, घातले गेले. तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हासुद्धा, पुढचा तसाच गुन्हा पहिला की दुसरा हे ठरवताना आधीचा गुन्हा म्हणून धरला जातो. उदाहरणार्थ, कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड आहे आणि नंतरच्या वेळी 1,500 रुपयांपर्यंत. न केलेल्या गुन्ह्याचे पैसे तुम्ही आज निमूटपणे भरलेत, तर उद्याच्या खऱ्या चुकीला तुम्ही सराईत ठराल. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुमचा क्रमांक दुसऱ्या वाहनावर कोणी लावला असेल, तर ते वाहन सिग्नल मोडून थांबेलच असे नाही. उद्या त्याच पाटीखाली अपघात झाला, तर पोलिस तुमच्या दाराशी येतील, आणि तेव्हा ‘आधीचे चलन तर तुम्हीच भरले होते’ हे वाक्य तुम्हाला ऐकावे लागेल.

म्हणून आधी ते छायाचित्र मोठे करून पाहा, आणि एकट्या पाहू नका. स्कूटरची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला शेजारी बसवा. तुम्हाला जिथे नुसती पांढरी स्कूटर दिसते, तिथे त्याला मागच्या दिव्याचा आकार, आरशांची ठेवण, पायदानाची कड आणि दोन वर्षांनी बदललेले मॉडेल दिसते. पाटीवरचा एकेक अंक तुमच्या अंकाशी ताडून पाहा. पाटीच्या कोपऱ्यातला स्क्रू नेमका आकड्यावर आला, की 3 चा 8 होतो. चिखलाचा एक शिंतोडा ‘ई’ला ‘एफ’ करून टाकतो. आकडा चुकीचा वाचला गेला असेल, तर ती यंत्राची किंवा यंत्रणेची चूक आहे आणि ती लवकर दुरुस्त होऊ शकते. पाटी स्वच्छ असून क्रमांक तंतोतंत तुमचाच, पण वाहन दुसरे, असे दिसले तर ती बनावट पाटी आहे. मग चलनाच्या तक्रारीआधी स्वतःच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

चलनावरची हरकत ई-चलनाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून नोंदवता येते. मजकूर आठ ओळींपेक्षा मोठा नको. चलन क्रमांक, दिनांक आणि ठिकाण लिहा. छायाचित्रातले वाहन तुमचे का नाही, ते एकेका फरकाने सांगा. आरसी बुकची प्रत आणि तुमच्या स्कूटरची पुढून, मागून व बाजूने काढलेली छायाचित्रे जोडा. त्या दिवशी तुम्ही शाळेत होता, हे हजेरीपटाच्या उताऱ्याने दाखवता आले तर उत्तम, पण त्यावर सगळा भार टाकू नका. तुम्ही शाळेत असणे आणि स्कूटर शाळेत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाच्याच्या चलनाने सिद्ध केलेच आहे. पोलिसांवर आगपाखड, ‘मी एक प्रामाणिक करदाती’ वगैरे वाक्ये गाळा. वाचणाऱ्याला फक्त वाहन ओळखायचे असते. जोडीला एक प्रश्न मात्र जरूर विचारा: या चलनाची नोटीस कोणत्या तारखेला आणि कोणत्या क्रमांकावर पाठवली? ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम 167अ मध्ये, कॅमेऱ्यासारख्या यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांच्या आत पाठवावी, असे म्हटले आहे. त्या यंत्रालाही मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. नोटिशीवर उत्तरासाठी मुदत छापलेली असेल, तर ती तंतोतंत पाळा.

लोकअदालतीविषयी दिरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 खाली चालणारी लोकअदालत ही समेटाची जागा आहे, आणि वाहतूक चलनांत तिथे रक्कम कमी झाल्याची उदाहरणे आहेत. पण ‘अर्धे माफ’ असा कोणताही हक्क कायद्याने दिलेला नाही. खरी चलने तिथे नेण्यास हरकत नाही. राष्ट्रीय लोकअदालतीच्या तारखा आधी जाहीर होतात, तुमच्या समन्सची तारीख तिच्या आधी पडत नाही एवढे पाहा. तिसरे चलन मात्र तिथे नेऊ नका. लोकअदालत कोण खरे, कोण खोटे याचा निवाडा करत नाही. दोघांना मान्य असेल ते लिहून घेते, आणि एकदा लिहिले की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. जिथे तुमचे म्हणणेच ‘हे वाहन माझे नाही’ असे आहे, तिथे समेट कशाचा करणार?

एजंटाबद्दल फार लिहीत नाही. मागे एका वाचकाने असेच पैसे दिले होते. मोबाइलवर पावतीचा फोटोही आला, आणि गाडी विकायच्या वेळी चलन जिथल्या तिथे थकीत दिसले. तुम्हाला वकील हवाच असेल, तर तो फुकट मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्याच कलम 12 नुसार महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते आणि 15100 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. नोकरदार, कमावत्या बायका ‘आमच्यासाठी नसेल ते’ म्हणून तिकडे फिरकतच नाहीत.

वॉरंटाचे तुमचे भय निराधार नाही, पण ते वेळेआधी आले आहे. चलन थकले म्हणून कोणी वॉरंट घेऊन येत नाही. समन्स बजावले गेले आणि तरी तुम्ही किंवा तुमचा वकील हजर झाला नाही, तर न्यायालय वॉरंट काढू शकते, आणि अशा प्रकरणांत ते सहसा जामीनपात्र असते. समन्स हाती पडले, की तारीख चुकवू नका. परीक्षांच्या दिवसांत जाणे शक्य नसेल, तर प्रत्यक्ष हजेरीतून सूट मागणारा अर्ज वकिलामार्फत देता येतो.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. न्यायालयात गेलात, की आधी दालनाबाहेर लावलेला त्या दिवसाचा बोर्ड पाहा आणि त्यात आपला अनुक्रमांक शोधा. शिपाई नावाचा पुकारा करतो. उच्चार तुमच्या ओळखीचा असेलच असे नाही, म्हणून क्रमांकावर लक्ष ठेवा. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? आजूबाजूला चाळीस माणसे भराभर ‘कबूल’ म्हणून दंड भरायला नाझर विभागाकडे निघालेली असतील, आणि त्या ओघात तुमच्याही तोंडून तो शब्द निसटू शकतो. तिसऱ्या चलनासाठी तुम्ही म्हणायचे ते असे: ‘मला गुन्हा कबूल नाही. छायाचित्रातले वाहन माझे नाही. माझ्या वाहनाची छायाचित्रे आणि आरसी बुक मी सोबत आणले आहे.’ एवढे बोलून थांबा. मग बहुधा पुढची तारीख पडेल आणि आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येईल. त्यांचे छायाचित्र हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्यामुळे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते जोडले आहे का, हे तुमच्या वकिलाला पाहायला सांगा.

प्रकरण तुमच्या बाजूने निकाली निघाले, तरी लगेच घरी परतू नका. नक्कल विभागात आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या आणि अर्जाचा क्रमांक टिपून घ्या. न्यायालयातला निकाल आणि चलनाच्या संकेतस्थळावरची नोंद एकमेकांना लगेच भेटतातच असे नाही, आणि मधल्या काळात आरटीओच्या खिडकीवर तुमच्या हाती दाखवायला हाच कागद असेल. प्रत मिळाली, की तिच्यावरचा वाहन क्रमांक, तुमचे नाव, आदेशाचा दिनांक आणि न्यायालयाचा गोल शिक्का तिथेच उभे राहून तपासा. आकड्यात चूक असेल, तर दुरुस्ती मागा आणि मगच खिडकी सोडा.